मुलुंडला गेलेलं दुपटं

आमच्या घरात खोटं न बोलणारा माणूस एकच होता, तो म्हणजे बाबा. आणि माझं शिवणकाम सुरू झालं ते बाबांच्याच एका खोट्यातून. दुसऱ्याचं पेन चुकून खिशात आलं तर ते परत द्यायला उलट बस पकडून जाणारा हा माणूस. टेलिफोन खात्यात होते. दिवसभर खांबावर चढून तारा जोडायचे आणि संध्याकाळी घरी आले की पाच मिनिटं कोणाशी बोलायचे नाहीत, नुसते उंबऱ्यावर बसून राहायचे. आई म्हणायची, वरून खाली यायला त्यांना वेळ लागतो. आई-बाबा दोघंही अकोल्याकडचे. इतकी वर्षं घाटकोपरच्या टेकडीवर काढूनही आईच्या तोंडातलं "काहून" आणि "करून राहिली" काही गेलं नव्हतं. आम्हा मुलांची भाषा मात्र चाळीची, म्हणजे सगळ्यांची थोडीथोडी.

मी घरातली थोरली, आणि कोणतंही काम अर्धं टाकण्यात माझा हात धरणारं आख्ख्या चाळीत कोणी नव्हतं. बारावीला एकदा बसून झालं होतं, दुसऱ्यांदा बसायची तयारी चालू आहे असं आम्ही सांगत होतो. टायपिंगच्या क्लासला गेले ती डाव्या हाताची बोटं शिकेपर्यंत. उजव्या हाताच्या आधी पावसाळा आला. एक स्वेटर विणायला घेतला होता, त्याची एक बाही झाली. ती बाही आई चुलीवरून, म्हणजे स्टोव्हवरून, गरम पातेलं उतरवायला वापरायची आणि पाहुणे आले की लपवायची. मला कोणी विचारलं, तू काय करतेस, तर मी म्हणायची, बरंच काही. ते तसं खोटं नव्हतं. पूर्ण काय करतेस असं कोणी विचारत नव्हतं.

चाळीत आमच्या दोन खोल्या. शेजारच्या दोन खोल्यांत शालनकाकू, कणकवलीकडची. तिचे यजमान गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीला वॉचमन म्हणून लागले. काकू स्वतः सकाळी साकीनाक्याच्या एका युनिटमध्ये कामाला जायची. तिथे परदेशी पाठवायच्या चादरी शिवत, रंगीत तुकड्यांच्या. चौकोनी तुकडे तीनतीनच्या ओळीत जोडून एक मोठा चौकोन करायचा, आणि असे पुष्कळ मोठे चौकोन एकमेकांना जोडून चादर. त्या मोठ्या चौकोनाला तिथे ब्लॉक म्हणत; काकू बिलाक म्हणायची. दुपारी घरी आली की उरलेली चिंधी घेऊन ती स्वतःच्या मशीनवर बसे. आमच्यामधली भिंत इतकी पातळ की तिने पाय मारला की आमच्याकडचं कॅलेंडर हलायचं. जेवण झाल्यावर आई भिंतीला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, बाईनं आज लांबची शिवण घेतली. दोघींचं फारसं जमत नव्हतं. पाण्याच्या ड्रमवरून काहीतरी जुनं होतं. पण सणाला एकीकडून पुरणपोळी आणि दुसरीकडून आंबोळ्या जायच्या-यायच्याच, आणि दोघीही दुसरीच्या पदार्थात मीठ कमी आहे असं आपापल्या घरी सांगायच्या.

मला बघायला मुलुंडचे इंगळे येणार असं ठरलं तेव्हा आईचं सगळ्यात मोठं दुखणं होतं ती आमची खाट. गादीचा कापूस एका कोपऱ्यातून बाहेर आला होता आणि मधोमध चहाचा एक डाग होता, माझ्याच कृपेने, साधारण श्रीलंकेच्या आकाराचा. आमच्या कोणत्याच चादरीने दोन्ही एकदम झाकलं जाईना. शेवटी आईने पाण्याचा ड्रम पोटात घातला आणि मला काकूकडे गोधडी मागायला पाठवलं. काकूने पेटीतून काढून दिली ती तिची सगळ्यात चांगली, निळ्या-पांढऱ्या चौकोनांची. देताना एवढंच म्हणाली की वर कोणाला चहा घेऊन बसवू नकोस.

इंगळे आले. मुलगा, त्याची आई आणि मध्यस्थ म्हणून आमच्या ओळखीतले एक काका. मुलाची आई शाळेत बाई होती, आणि ते त्यांनी चपला काढून एका रांगेत ठेवल्या त्यावरूनच कळलं. मुलाचं नाव अविनाश. तो पूर्ण वेळ बशीकडे बघत होता. मी मात्र पोहे देता देता त्याला नीट बघून घेतलं, आणि खाऊन झाल्यावर बशी त्याने स्वतः उचलून आत नेऊन ठेवली तेव्हा मनातल्या मनात होकार देऊन टाकला. आज नवल वाटतं. एका बशीवर मी आयुष्य ओवाळून टाकायला निघाले होते. पण त्या काळी आमच्या चाळीत बशी उचलणारा पुरुष दुसरा नव्हता.

मग इंगळेबाईंनी बाबांना विचारलं, मुलगी काय करते. बाबांनी बारावीचं सांगितलं, खरं खरं, एकदा नापास झाल्यासकट. त्या म्हणाल्या, ते ठीक, आणखी काय करते? मी दारामागून बाबांचा चेहरा बघत होते. ते शोधत होते. टायपिंग, स्वेटर, आणखी काय काय, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्यांना भिंत लागत होती. तेवढ्यात बाईंनी बसल्या जागी गोधडीचा कोपरा उचलला, उलटा करून शिवण बघितली आणि म्हणाल्या, किती सुबक काम आहे, कोणी केलं?

"आमच्या रंजनानं," बाबा म्हणाले.

आईच्या हातातली चहाची किटली तिरकी झाली आणि दोन थेंब जमिनीवर पडले. त्यापलीकडे कोणी काही केलं नाही. बाई खूश झाल्या. त्यांच्या मुलीला, विशाखाला, सातवा महिना चालू होता आणि ती बाळंतपणाला माहेरीच येणार होती. त्या मला म्हणाल्या, मग बाळासाठी एक दुपटं शिवशील का, असंच, चौकोनाचं? बाजारात सगळं टोचणारं मिळतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही, पण त्यांनी हो धरलं.

ते गेल्यावर आई बाबांना काहीच बोलली नाही, हे वाईट लक्षण होतं. तिने खलबत्त्यात मिरच्या घातल्या आणि ठेचा करायला घेतला, आणि तो तिने इतका वेळ कुटला की शेवटी त्याची पेस्ट झाली. बाबा उंबऱ्यावर बसून राहिले. अंधार पडायच्या आधी आई गोधडी घडी करून काकूकडे गेली आणि मला बरोबर घेऊन गेली, कारण एकटीने सांगायचं तिला धैर्य नव्हतं. तिने सगळं सांगितलं. काकू हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने गोधडीची घडी परत उलगडली, डाग पडलाय का बघितलं, परत घडी केली आणि म्हणाली, "माझी गोधडी तुज्या चेडवान शिवली? बरां झालां. मगे बसव आता तिका मशीनवर."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून माझी शाळा सुरू झाली.

मला वाटलं होतं की चौकोन कापणं ही काही शिकायची गोष्ट नाही. चार बाजू, चार कोपरे, त्यात काय. मी नऊ तुकडे कापले, मोठ्या आत्मविश्वासाने, डोळ्याच्या अंदाजाने. जोडून झाल्यावर जे तयार झालं त्याला काकूने पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि विचारलं की ही टोपी आहे का. खरंच त्याला मध्ये फुगवटा आला होता. मशीनचं तर विचारूच नका. पायडल पुढे मारलं की चाक मागे फिरायचं, दोरा खाली जाऊन घरटं करायचा आणि सुई तुटली की तिचा तुकडा शोधेपर्यंत काकू कोणाला खोलीत पाऊल टाकू देत नसे. एकदा माझी शिवण पहिल्यांदाच सरळ आली. काकूला दाखवायला मी आनंदाने उठले, तर मांडीवरची सलवार ब्लॉकबरोबर वर आली. मी स्वतःलाच गोधडीला शिवलं होतं. ते उसवायला दोघींना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी एका पायावर उभी होते.

पहिल्या आठवड्यात मी जेवढं शिवलं त्यापेक्षा जास्त उसवलं. काकू ओरडत नसे. बोट ठेवून फक्त "उसव" म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची. उसवायला तिने मला एक जुनं ब्लेड दिलं होतं. आत मासे तळत असायचे, त्याचा वास त्या तुकड्यांत बसायचा. घरी नेलेला ब्लॉक आई आधी हुंगायची आणि मग बघायची. एका दुपारी मी दोन तुकडे अगदी काठाला काठ लावून शिवले होते, म्हणजे कापड वाया नको. काकूने ते हातात घेऊन दोन्हीकडून हलकेच ओढले आणि शिवण दात काढल्यासारखी उघडली. तिने मला विचारलं, "माया किती सोडलंस?"

माझ्या डोक्यात तेव्हा एकच विषय. मी लाजून म्हणाले की अजून तर आम्ही एकमेकांशी बोललोसुद्धा नाही.

काकूला कळायला क्षणभर लागला. मग तिने तुकडा खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली की मशीनवरची कात्री खाली पडली. शिवणीच्या बाहेर काठापर्यंत जे कापड राखून ठेवायचं त्याला माया म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती नसली तर शिवण धरायला जागाच उरत नाही. हे तिने समजावून सांगितलं खरं, पण तोपर्यंत ती गोष्ट भिंतीपलीकडे आईने ऐकली होती, आणि पुढे कितीतरी वर्षं नातेवाइकांत ती सांगितली गेली. माझ्या सूनबाईलाही ती ठाऊक आहे. परवा बोरिवलीच्या एका मंडळात मी बायकांना हे काम शिकवायला गेले होते. गोल फिरणाऱ्या चाकाची कात्री, आखलेल्या चटया, मोबाईलवर नमुने, सगळं होतं त्यांच्याकडे; आणि पहिल्याच दिवशी एकीने काठाला काठ लावून शिवलं. मला तिचा इतका आनंद झाला की तिला वाटलं तिचं बरोबर आलंय.

बाबा रोज संध्याकाळी विचारत नसत, पण बघत. मी घरी आणलेले ब्लॉक खाटेवर पसरून ठेवायची, म्हणजे श्रीलंकेवर, आणि ते उंबऱ्यावरून मान वळवून बघायचे. एकदा मी शिवायला बसले होते तर ते माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक चौकोन होता. शर्टाच्या खोक्याचा, पट्टीने मोजून कापलेला, चारही बाजू अगदी सारख्या. म्हणाले, हा ठेवून आखत जा, म्हणजे कमीजास्त होणार नाही. मी तो घेतला. मग ते थोडा वेळ खाली पडलेले दोऱ्यांचे तुकडे वेचत राहिले. मी विचारलं, बाबा, तुम्ही तसं का सांगितलंत?

"तुला काही येत नाही, असं माझ्या तोंडून म्हणवेना," ते म्हणाले. "बस."

मी खाली मान घालून आखत राहिले. त्या ब्लॉकचे कोपरे पहिल्यांदा जुळले, आणि ते पुठ्ठ्यामुळे जुळले हे मी कोणालाच सांगितलं नाही.

अर्ध्याहून जास्त दुपटं झालं आणि काकू गणपतीला गावी निघाली. जाताना बजावून गेली की आहेत तेच तुकडे वापर, सगळे धुऊन मऊ झालेले आहेत, बाळाच्या अंगाला लागायचे आहेत. पाठ फिरली आणि मला कलाकार होण्याची लहर आली. सगळं फिकं दिसतंय, निळं, पांढरं, पोपटी. मध्ये एक लाल ठिपका हवा. मी घाटकोपर स्टेशनबाहेर जाऊन नवीन लालभडक कापड आणलं, प्रत्येक ब्लॉकचा मधला तुकडा उसवून तिथे एक लाल तुकडा घातला आणि स्वतःवर भयंकर खूश झाले. शेवटचे दोन ब्लॉक घाईत केले. मागून आईच्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं आणि हाताने धावदोरा घातला. तो धावदोरा म्हणजे नावाप्रमाणेच धावत सुटला होता, कधी या दिशेला कधी त्या. पण झालं. शेवटची गाठ मारली तेव्हा मला दोरा तोडवेना. सुई तशीच लोंबकळत ठेवून मी घरभर ते दुपटं घेऊन फिरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एखादी गोष्ट शेवटाला गेली होती. आईने ते गालाला लावून बघितलं आणि तिला आणखी काही बोलायचं सुचलं नाही, तेव्हा म्हणाली, मऊ झालंय. मी सुमारे वीस वेळा विचारलं, खरंच मऊ झालंय ना.

बाळ झालं, मुलगी. नामकरणाला आई-बाबा गेले आणि दुपटं देऊन आले. मला न्यायची रीत नव्हती. आल्यावर मी विचारलं की काय म्हणाले. आईने सांगितलं की बाईंनी ठेवून घेतलं. ठेवून घेतलं म्हणजे कसं, बघितलं का, उलटं करून बघितलं का? आई म्हणाली, तिथं पन्नास माणसं जेवून राहिली होती, तुझं दुपटं कोण बघत बसते.

मग पंधरवडाभर काहीच नाही. आणि एका संध्याकाळी मध्यस्थ काका आले, चहा नको म्हणाले, तेव्हाच आम्हाला कळलं. मुलाचं दुसरीकडे जमलं होतं. मुलगी बँकेत होती. त्यांनी पुष्कळ गोड करून सांगितलं, बाबांनी त्यांना बसस्टॉपपर्यंत पोचवलं, आणि मी आतल्या खोलीत जाऊन रडायला बसले. सगळे माझी समजूत घालत होते. आई म्हणाली, त्याच्यापेक्षा चांगला मिळेल. धाकटी बहीण म्हणाली, त्याची मिशी तरी कुठे बरी होती. मी रडता रडता ऐकत होते आणि मला हळूहळू जाणवत होतं की अविनाशचा चेहरा मला नीट आठवतसुद्धा नाहीये. आठवत होता तो तिसऱ्या ओळीतला पोपटी तुकडा, ज्याचे चारही कोपरे जुळले होते. आपण पूर्ण केलेली एकुलती एक वस्तू मुलुंडला एका अनोळखी घरात पडली आहे, आणि तिथे तिला कोणी उलटं करूनही बघितलं नाही, याचं मला रडू येत होतं. हे सांगितलं असतं तर त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं, म्हणून मी मिशीसाठीच रडले.

काकू भातकापणी उरकूनच गावाहून आली ती खाज्यांचा पुडा घेऊन. आईने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आईला नाही, मला विचारलं.

"नवरो गेलो तर जाव दे. दुपटां खंय आसा?"

या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. मला वाटलं, खरंच की. लग्न मोडलं तर साखरपुड्याची अंगठीसुद्धा परत करतात. इथे तर काही जमलंही नव्हतं. मी आईला सांगितलं की मैत्रिणीकडे नोट्स आणायला जाते, आणि मुलुंडची बस पकडली. बसमध्ये मी भाषण तयार केलं. त्यात स्वाभिमान, कष्ट, माणुसकी, सगळं होतं. भाषण इतकं रंगलं की एक स्टॉप पुढे उतरले आणि उन्हातून मागे चालत आले. घाम पुसायला रुमालही नव्हता.

दार विशाखाने उघडलं. तिने मला कधी पाहिलं नव्हतं. केस अस्ताव्यस्त, खांद्यावर ओला टॉवेल, डोळ्यांखाली काळं. घरात दुसरं कोणी नव्हतं. आई शाळेत आणि भाऊ ऑफिसला गेला होता. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, गोधडीवाली का तू, ये. मी आत गेले. भाषणाचं पहिलं वाक्य तोंडात तयार होतं आणि समोर गॅलरीत दोरीवर नजर गेली.

दोरीवर माझं दुपटं वाळत होतं. गुलाबी. पांढरे तुकडे गुलाबी, पोपटी तुकडे कसलेसे मातकट, आणि मध्ये ते लाल तुकडे बिनधास्त लालच. त्याच्या शेजारी बाळाची झबली, गुलाबी. लंगोट, गुलाबी. आणि टोकाला एक पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने सकाळच्या आभाळासारखा. नवीन लाल कापड आधी भिजवून त्याचा रंग काढायचा असतो हे मला त्या क्षणी, त्या गॅलरीत कळलं.

विशाखा माझ्यामागे येऊन उभी राहिली. "तो दादाचा साखरपुड्याचा शर्ट आहे," ती म्हणाली. "आईने लिंबू लावलं, साबण लावला. जात नाहीये."

मला काय झालं कोण जाणे, मी हसले. तोंडावर हात ठेवला तरी हसू आवरेना. पाहिलं तर तीही हसत होती, भिंतीला टेकून, पोट धरून, टाके दुखतायत म्हणत. आमच्या आवाजाने बाळ उठलं. तिने ते आणून माझ्या हातात दिलं आणि स्वतः पाणी प्यायला गेली, जणू ती कधीपासून कोणीतरी यायची वाटच बघत होती.

मग ती बसली आणि बोलायला लागली. नवरा अजून बघायला आला नव्हता. सासरहून निरोप आला होता की सवडीने येऊ. नामकरणाला आलेल्या बायकांनी बाळाला बघून आधी हेच विचारलं की मुलगी का, आणि मग म्हणाल्या, असू दे, पुढच्या वेळी. हे सगळं ती सरळ आवाजात सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. शेवटी तिने दोरीकडे बोट केलं.

"आई म्हणाली, टाकून दे ते, सगळ्याला रंग लावतंय. मी नाही टाकलं. तू ते शिवलंस तेव्हा मुलगा की मुलगी, कोणालाच माहीत नव्हतं. तरी शिवलंस."

मला तिला सांगावंसं वाटलं की अगं, मी ते बाळासाठी नव्हतंच शिवलं. एका बशीसाठी शिवलं, बाबांच्या शब्दासाठी शिवलं. पण बाळाने माझं बोट धरलं होतं आणि आईच्या तोंडाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होतं. विशाखा मला म्हणाली, पण तू कशाला आली होतीस? काही काम होतं?

बसमधलं सगळं भाषण माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, माणुसकीसकट.

"एक कोपरा उसवला असेल," मी म्हणाले. "तो बघायला आले."

आणि खरंच उसवला होता. एक नाही, दोन. घाईत केलेल्या शेवटच्या दोन ब्लॉकना मी पुरेशी जागाच ठेवली नव्हती. विशाखाने सुईदोरा आणला, मी दोरीवरून दुपटं काढलं, अजून जरा दमट होतं, आणि गॅलरीतल्या पायरीवर बसून ते दोन्ही कोपरे आत दुमडून पुन्हा शिवले. दुहेरी दोरा, बारीक टाका. कोपरे थोडे लहान झाले, चौकोन राहिला नाही. शिवून होईपर्यंत विशाखा जमिनीवर आडवी होऊन झोपून गेली होती आणि बाळ माझ्या मांडीवर. मी कितीतरी वेळ हलले नाही. पुढे तिचा नवरा आला, ती सासरी गेली, बरंवाईट जे झालं ते झालं. ते आमच्या कानावर तुकड्यातुकड्याने येत राहिलं. दुपटं ती बरोबर घेऊन गेली एवढं मला नक्की माहीत आहे. अविनाशचा साखरपुडा कोणत्या शर्टात झाला ते मात्र मी कधी विचारलं नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

घरी आले तेव्हा काकू दारात तांदूळ निवडत बसली होती. "हाडलंस?" तिने विचारलं. मी नाही आणलं म्हणाले. तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. गुलाबी लंगोट, शर्ट, विशाखा, उसवलेले कोपरे. लाल कापडाचंही सांगितलं, कारण लपवून उपयोग नव्हता. मला वाटलं, ती आता मला बोलणार. तिने खडे वेचून बाजूला केले, सूप झटकलं आणि आत गेली. जेवायला हाक मारली. भात आणि बांगड्याचं तिखलं होतं. आमच्या घरी मासे फारसे होत नसत, मला काटे काढता यायचे नाहीत. ते तिने काढून दिले. जेवण होईपर्यंत लग्नाचा किंवा मुलुंडचा विषय तिने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे मशीन चालू झालं आणि आमचं कॅलेंडर हलायला लागलं. मी थोडा वेळ ऐकत बसले. मला तिकडे जायचं आता काही कारण नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बसून काहून राहिली, जा ना. मी गेले. काकू मशीनवरून उठली आणि तिने मला जागा करून दिली. मी चिंध्यांच्या गाठोड्यातून एक निळा तुकडा काढला, मग एक पिवळा, पुठ्ठा ठेवून आखले आणि भराभर कापायला लागले.

"आता ह्यां कोणासाठी?" काकूने विचारलं.

मी कापता कापता म्हणाले, "कोणासाठीच नाही."

"मगे घाई कित्याक करतंस?" ती म्हणाली. "सावकाश शिव."